चावी ज्याचा हात आत त्याच्या खिशात: विजेच्या मेन्टेनन्ससाठी लॉकआउट-टॅगआउट, पायरीपायरीने

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. नाशिकच्या अंबडमधलं एक छोटं शॉप, सेकंड शिफ्ट. मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये हात घालून मी लग्ज (वायरच्या टोकांचे धातूचे जोड) आवळत होतो. स्विचवर पुठ्ठ्याची पाटी टांगलेली, तिच्यावर मार्करने लिहिलेलं: 'काम चालू आहे'. त्याच फीडरवर (वीज आणणाऱ्या केबलवर) शेजारच्या लाइनचे दिवे होते. अंधार झाला म्हणून तिथला ऑपरेटर आला. त्याला मराठी जेमतेम वाचता यायचं. पाटीतला 'चालू' एवढा शब्द त्याला समजला आणि त्याने स्विच वर केला. मी नेमका तेव्हा पाना घ्यायला मागे वळलो होतो. बॉक्समध्ये ठिणगी उडाली, लग जळाला, मी वाचलो.

त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नव्हता. आपल्या पाट्याच मुळात फसव्या असतात. 'मशीन बंद आहे' असं लिहिलं तर एखाद्याला ती तक्रार वाटते आणि तो मदत म्हणून चालू करून देतो. लांबून हाक मारावी, 'चालू करू नको रे!', तर कंप्रेसरच्या आवाजात समोरच्याला 'चालू कर' एवढंच ऐकू जातं. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, कुठल्याही शॉपमध्ये जा, अजूनही निम्मं काम 'मी बंद केलंय, तू जा' ह्या भरवशावर चालतं.

लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे आपल्याकडचं 'लोटो', ह्या भरवशाच्या जागी एक लोखंडी वस्तू ठेवतं. वीज जिथून तोडली तिथे कुलूप लागतं आणि त्याची एकुलती एक चावी आत हात घालणाऱ्याच्या खिशात राहते. सुपरवायझरच्या नाही, स्टोअरच्या खिळ्यावर नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या ह्याच एका गोष्टीतून निघतात.

तसं पाहिलं तर जुने वायरमन हेच करायचे. किटकॅट फ्यूज उपटायचे आणि खिशात घालून कामाला जायचे. अक्कल तीच होती. फक्त आता प्रत्येक पॅनेलच्या तळाशी दोन-चार स्पेअर फ्यूज पडलेले असतात आणि एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा छोटा स्विच, काही खिशात घालता येत नाही.

कायद्याचं थोडक्यात

अमेरिकेत ओशाने, म्हणजे तिथल्या कामगार-सुरक्षा खात्याने, १९८९ मध्ये ह्या पद्धतीचा स्वतंत्र नियम काढला, आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या ऑडिटमध्ये तोच विचारला जातो. आपल्याकडे १९४८च्या कारखाने अधिनियमापासून यंत्रांना संरक्षक कठडे आणि चालत्या यंत्राजवळच्या कामाचे नियम आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा नियमांप्रमाणे विद्युत संचावर काम करणाऱ्यांना नावानिशी प्राधिकृत करायचं असतं आणि त्यांची यादी ठेवायची असते. भारतीय मानक ५२१६ विजेच्या कामातल्या सुरक्षित पद्धतींबद्दल आहे. ऑडिटर काय विचारेल ह्याची चिंता ह्यापुढे करू नका, यादीत तुमचं नाव आहे का एवढं मात्र बघा. वायरमनचा परवाना नसलेल्या हेल्परला पॅनेल उघडायला पाठवणं हा आपल्याकडचा रोजचा गुन्हा आहे.

सामान काय लागतं

माणशी एक लाल कुलूप. प्रत्येकाचं वेगळं, एकाची चावी दुसऱ्याला लागता कामा नये. बॉडी नायलॉनची असलेलं बरं, कारण पॅनेलमध्ये ते लोंबकळणार. कुलपावर नाव आणि मोबाइल नंबर. हे कुलूप सायकलला, टूलबॉक्सला, लॉकरला लावायचं नाही, म्हणजे शॉपमध्ये लाल कुलूप दिसलं की अर्थ एकच: कुणाचा तरी हात आत आहे.

त्याशिवाय हॅस्प, म्हणजे एकाच स्विचवर पाच-सहा जणांना आपापलं कुलूप लावता येईल अशी कडी. एमसीबीसाठी छोटे क्लिप-लॉक. ते घेताना आधी तुमच्या एमसीबींचे फोटो दुकानदाराला दाखवा, कारण कुणाच्या नॉबला बाजूने भोकं असतात, कुणाला नसतात, आणि एकाचा क्लिप दुसऱ्यावर बसत नाही. प्लग-टॉपवर चालणाऱ्या मशीनसाठी प्लग झाकणारी डबी. पाण्याच्या, हवेच्या व्हॉल्व्हचे लॉक. आणि टॅग.

टॅगवर 'काम चालू आहे' लिहू नका, कारण सांगितलंच आहे. लिहायचं: 'धोका. हा स्विच लावू नका. माणूस आत आहे.' मराठी आणि हिंदी दोन्हीत, कारण शॉपमध्ये बिहार-यूपीचीही मुलं असतात. खाली नाव, विभाग, तारीख, वेळ, कशासाठी. टॅग प्लास्टिकचा हवा. श्रावणात पत्र्याच्या शेडमध्ये पुठ्ठा दोन दिवसांत लगदा होतो. तो प्लास्टिकच्या टायने बांधा, तारेने नको, कारण तार पॅनेलमध्ये पडली तर वेगळंच प्रकरण.

नुसता टॅग म्हणजे लॉकआउट नव्हे. जुन्या स्विचगिअरला कुलपाची सोयच नसेल तर टॅगबरोबर आणखी एक अडथळा करायचा: फ्यूज काढा, किंवा आउटगोइंग केबल सोडवून तिची टोकं झाका.

पायरी पहिली: वीज कुठून कुठून येते

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक उदाहरण धरू: कूलिंग टॉवरचा ३० एचपी पंप, बेअरिंग ओरडतंय, मोटर सोडवायची आहे. पॅनेलवर त्याचा एमसीसीबी, म्हणजे मोठा ब्रेकर, आहे. तो बंद केला की झालं?

नाही. कंट्रोल सप्लाय कुठून येतो ते बघा. बऱ्याच पॅनेलमध्ये कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या स्विचच्या) कॉइलचा ११० किंवा २३० व्होल्ट सप्लाय दुसऱ्याच फीडरवरून, कधी लाइटिंग डीबीवरून (दिव्यांच्या वाटप-पेटीवरून) घेतलेला असतो. पॉवर बंद, पण कंट्रोल टर्मिनल जिवंत. दुसऱ्या पंपाच्या पॅनेलमधून आलेली इंटरलॉकची वायर हीसुद्धा तशीच, दुसऱ्याच्या विजेवर जगणारी. मोठ्या मोटरींत ओल धरू नये म्हणून आत स्पेस हीटर असतो, तो मोटर बंद झाली की मुद्दाम चालू होतो. पावसाळ्यात मोटर सोडवणाऱ्या कित्येकांना पहिला झटका ह्या हीटरच्या टर्मिनलचा बसतो.

आता डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर. मोठं काम म्हणून तुम्ही मेन इन्कमरच, म्हणजे बाहेरची वीज आत घेणारा मुख्य ब्रेकरच, बंद केलात, तर एएमएफ पॅनेलला (वीज गेली की डीजी आपोआप सुरू करणाऱ्या पॅनेलला) वाटतं महावितरणची वीज गेली. काही सेकंदांत डीजी सुरू होतो आणि तुम्ही जी बस (पॅनेलमधली वीज वाटणारी पट्टी) मेलेली समजून उघडताय तिच्यावर सप्लाय घेऊन येतो. म्हणून इन्कमरला हात लावण्याआधी एएमएफचा सिलेक्टर ऑटोवरून काढा, डीजीचा ब्रेकर उघडून (म्हणजे ऑफ करून) त्याला कुलूप लावा आणि स्टार्टिंग बॅटरीची निगेटिव्ह सोडा.

छतावर सोलर असेल तर तोही एक सोर्स. ग्रिड गेल्यावर इन्व्हर्टर आपोआप बंद होतो हे खरं, पण सोलर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची डीसी केबल ऊन असेपर्यंत जिवंतच राहते. तिला बंद करण्याचं बटण सूर्याला नाही. डीसी आयसोलेटर उघडायचा आणि त्यालाही कुलूप. सीएनसीच्या कंट्रोलला यूपीएस असेल तर तोही मोजा.

हे सगळं डोक्यात ठेवायचं नसतं. प्रत्येक मशीनसाठी एकदाच बसून एक पान करा: कुठले सोर्स, तोडायच्या जागा कुठे, किती कुलपं लागतील, साठलेली ऊर्जा कुठे आहे. ते पान लॅमिनेट करून मशीनवर चिकटवा. ड्रॉइंगवर विसंबू नका, वायर हाताने मागोवा घेत शोधा. वीस वर्षांच्या शॉपमधलं ड्रॉइंग आणि पॅनेल ह्यांची ओळख बहुतेकदा सुटलेली असते. खंडेनवमीला मशीन पुसून-धुऊन पूजेला उभी राहतात आणि पॅनेल उघडली जातात, तेव्हा साफसफाईआधी रीतसर लॉकआउट करून हे पान ताडून घ्यायला चांगला मुहूर्त मिळतो.

पायरी दुसरी आणि तिसरी: सांगा, मग बंद करा

त्या फीडरवर ज्यांचं काम चालतं त्या सगळ्यांना जाऊन सांगा. शिफ्ट इन्चार्ज, ऑपरेटर, शेजारची लाइन. फोनवर नाही, समोर. कुणाचे दिवे जाणार असतील तर चार्जिंगचा दिवा आधी आणून ठेवा. माझ्या गोष्टीतला स्विच कुणी खोडसाळपणे वर केला नव्हता, अंधार होता म्हणून केला होता. टाकीत किंवा चेंबरमध्ये उतरायचं असेल तर हातदिवा २४ व्होल्टपेक्षा जास्तीचा नको.

मग मशीन नेहमीच्या स्टॉप बटणाने थांबवा. लोड चालू असताना थेट आयसोलेटर ओढला तर आर्क होतो. आणि इमर्जन्सी स्टॉप दाबून त्यावर टॅग लावणं हे लॉकआउट नाही. ते बटण फक्त कंट्रोल सर्किट तोडतं, कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट चिकटलेले असतील तर पॉवर तशीच पुढे जात राहते.

पायरी चौथी: कुलूप आणि टॅग

एमसीसीबी उघडा, हँडल ऑफवर आणून कुलूप घाला, टॅग बांधा, चावी खिशात. नंतर हँडल जोर लावून ऑनकडे ढकलून बघा, हलता कामा नये.

दारावरच्या फिरत्या हँडलपासून सावध. हँडल आणि ब्रेकर ह्यांना जोडणारा दांडा कधीकधी सैल होतो किंवा तुटतो. बाहेर हँडल ऑफ दाखवतं, त्याला कुलूपही छान लागतं, आणि आत ब्रेकर ऑनच असतो. कुलूप लागलं म्हणजे वीज गेली असं म्हणूनच समजायचं नाही.

दोन माणसं काम करत असतील तर हॅस्प आणि दोन कुलपं. फिटर बेअरिंगवर, इलेक्ट्रिशियन टर्मिनलवर, दोघांचीही कुलपं. 'तुझं लावलंय ना, मग माझं कशाला?' हा प्रश्न येतोच. एकदा हसून सांगा, दुसऱ्यांदा काम थांबवा. कॉन्ट्रॅक्टरची माणसं आली असतील तर त्यांनाही कुलूप द्या. पाहुणा म्हणून सूट नाही, उलट त्याला तुमचं पॅनेल अजिबात माहीत नसतं. वीस-पंचवीस माणसांच्या शटडाऊनला प्रत्येक स्विचवर वीस कुलपं मावत नाहीत. तेव्हा स्विचांना एक-एक कुलूप लावून त्यांच्या चाव्या एका पेटीत ठेवायच्या आणि त्या पेटीला प्रत्येकाने आपलं कुलूप लावायचं. शेवटचा माणूस बाहेर येऊन कुलूप काढेपर्यंत पेटी उघडत नाही.

पायरी पाचवी: जे साठून राहिलंय

वीज तोडल्यावरही मशीनमध्ये दम शिल्लक असतो. ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारा व्हीएफडी, हा त्यातला मोठा लबाड. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हच्या आत डीसी बस साधारण ५८० व्होल्टच्या आसपास भरलेली असते. डिस्प्ले विझला तरी कपॅसिटर रिकामे झालेले नसतात. ड्राइव्हच्या दारावर किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं, पाच, दहा, कधी पंधरा. घड्याळ लावून तेवढं थांबा, मग मीटर डीसीवर ठेवून बसच्या प्लस-मायनसवर मोजा. ह्या वेळात चहा प्या, हा अधिकृत चहा आहे.

पॉवर फॅक्टर पॅनेलमधले कपॅसिटर तसेच. डिस्चार्ज रेझिस्टर असतात, पण ते जळलेले असू शकतात. मोजल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची मर्दुमकी करायची नाही. काही ठिकाणी कपॅसिटर थेट मोटरच्या टर्मिनलवरच जोडलेला असतो, तो पॅनेलमध्ये शोधून सापडणार नाही.

आपल्या पंपाच्या बाबतीत आणखी एक. शेजारचा पंप चालू असेल आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) गळका असेल तर हेडरचं (सामाईक पाइपचं) पाणी उलटं येऊन हा पंप फिरवतं. कपलिंगमध्ये बोटं असताना हे कळलं तर उशीर झालेला असतो. डिलिव्हरी आणि सक्शन दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून त्यांनाही कुलपं. प्रेस असेल तर रॅमखाली ब्लॉक, हायड्रॉलिक आणि हवेचं प्रेशर सोडून गेज शून्यावर, होइस्टचा भार खाली टेकवलेला.

पायरी सहावी: मेलंय का ते मोजा

माझ्या मते अर्ध्याहून अधिक शहाणपण ह्या पायरीत आहे, आणि नेमकी हीच घाईत गळते.

आधी स्टार्ट बटण दाबून बघा. काही झालं नाही तर ठीक, पण हा पुरावा नव्हे. बटण परत ऑफवर आणायला विसरू नका.

आता मीटर. खिशातल्या निऑन टेस्टरवर जीव टांगू नका. त्याचा दिवा तुमच्या शरीरातून जाणाऱ्या करंटवर पेटतो. तुम्ही रबरी मॅटवर जाड बुटांत उभे असाल तर जिवंत फेजवरही तो मिणमिणतो किंवा पेटतच नाही. निदान कॅट थ्री (हा मीटरचा सुरक्षा-दर्जा), ६०० व्होल्टचा मीटर हवा, मेन इन्कमरवर कॅट फोर. लीडचं इन्सुलेशन तडकलेलं नको, आणि लाल लीड अँपिअरच्या भोकात राहिलेली नको. ती तिथे ठेवून ४१५ मोजायला गेलात तर तुम्ही स्वतः शॉर्ट केलात.

मोजण्याचा क्रम असा: आधी शेजारच्या, नक्की जिवंत असलेल्या ठिकाणी मीटर लावून तो ४१५ दाखवतो का बघा. मग आपल्या कामाच्या टर्मिनलवर मोजा. मग परत त्याच जिवंत ठिकाणी. तिसरं मोजमाप का? कारण मधल्या वेळात मीटरची बॅटरी संपली, लीड तुटली किंवा नॉब डीसीवर सरकला, तरी मधलं रीडिंग 'शून्य'च येणार. ते शून्य विजेचं आहे की मीटरचं, हे फक्त तिसऱ्या मोजणीत कळतं.

मधल्या मोजणीत फेज-फेज तीन, प्रत्येक फेज ते न्यूट्रल तीन, प्रत्येक फेज ते अर्थ तीन, आणि न्यूट्रल ते अर्थ एक. दहा. नुसत्या फेज-फेजवर थांबू नका. तिन्ही टर्मिनलवर एकच फेज बॅकफीडने (उलट वाटेने) आलेली असेल तर फेज-फेज शून्य दिसतं आणि अर्थला मात्र २३० असतं. न्यूट्रलही निरुपद्रवी समजू नका, दुसऱ्या सर्किटशी सामाईक न्यूट्रल सोडवली की सुटलेल्या टोकावर व्होल्टेज येतं.

आणि मोजताना हातमोजे, चश्मा घालूनच. मेलंय हे सिद्ध होईपर्यंत ते जिवंतच असतं. एमसीसीबी ऑफ असला तरी त्याचे वरचे इनकमिंग टर्मिनल जिवंत असतात, त्यांच्यावर आडोसा लावा.

११ केव्हीच्या बाजूला ही पद्धत पुरत नाही. तिथे व्हीसीबी (तिथला ब्रेकर) रॅक-आउट करून, म्हणजे जागेवरून बाहेर ओढून, कुलूप, एबी स्विचची (खांबावरच्या उघड्या स्विचची) तिन्ही पाती उघडलेली डोळ्यांनी पाहणं, महावितरणकडून लाइन क्लिअर (लाइन बंद केल्याची कबुली) लेखी घेणं, एचटीच्या, म्हणजे उच्च दाबाच्या, डिटेक्टरने तपासणं आणि मग अर्थिंग. अर्थिंग रॉडचं अर्थकडचं टोक आधी जोडायचं, लाइनचं नंतर, काढताना बरोबर उलट. त्यासाठी प्राधिकृत माणूसच हवा. कमी व्होल्टेजचं काम चांगलं येतं म्हणून एचटीच्या चार खांबांच्या स्ट्रक्चरखाली जाऊ नका.

जाता जाता शेताचं. निफाड-दिंडोरीकडे विहिरीच्या मोटरीला ऑटो स्विच असतो, वीज आली की मोटर आपोआप सुरू. वीज नाही म्हणून मोटर उघडून बसायचं आणि विजेची पाळी मध्येच बदलून वीज यायची, हा धोका कारखान्यापेक्षा कमी नाही. ऑटो काढा, मेन पाडा, स्टार्टरच्या पेटीला साधं कुलूप लावून चावी कनवटीला.

काम दोन शिफ्टमध्ये गेलं तर

येणाऱ्याचं कुलूप आधी लागतं, मग जाणाऱ्याचं निघतं. मध्ये एक क्षणही हॅस्प रिकामा नको. दोघांनी पॅनेलपाशी उभं राहून हे करायचं. येणाऱ्याने दहा मोजण्या स्वतः परत घ्यायच्या, 'त्याने बघितलंय' चालत नाही.

परत चालू करताना

अवजारं मोजा. अर्थिंग लावलं असेल तर ते काढा, गार्ड बसवा, पॅनेलचं दार लावा. माणसं मोजा, नावानिशी, मशीनच्या मागे जाऊन. मग प्रत्येकाने आपापलं कुलूप काढायचं. सगळ्यांना सांगून मग सप्लाय. मोटर सोडवून जोडली असेल तर कपलिंग जोडण्याआधी क्षणभर फिरवून दिशा बघा. उलटी निघाली तर दोन फेज बदलायला पुन्हा पहिल्यापासून कुलूप. 'दोनच वायर बदलायच्यात' हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय, तितक्यांदा माझ्या पोटात गोळा आलाय.

आणि कुलूप राहूनच गेलं तर

होतं असं. काम संपलं, माणूस घरी गेला, चावी त्याच्या खिशात आणि कुलूप पॅनेलवर. प्रॉडक्शनवाला कटर घेऊन उभा. आधी खात्री करा की तो खरंच आवारात नाही: गेटचं रजिस्टर, कँटीन, टॉवरची वरची शिडी. मग त्याला फोन. त्याने 'चुकून राहिलं, तोडा' म्हटलं तरी सुपरवायझरने स्वतः मशीन फिरून बघायचं. कुलूप तोडायचा अधिकार एकाच ठरलेल्या माणसाला, आणि कुणी, कधी, का तोडलं ह्याची नोंद सहीसकट. फोन लागला असो की नसो, तो माणूस दुसऱ्या दिवशी कामावर आला की गेटवरच गाठायचं आणि पॅनेलकडे जाण्याआधी सांगायचं: तुझं कुलूप आता तिथे नाही.